आमिष आणि आभास

कल्याणीचा (आजच्या बसवकल्याणचा) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठी अभ्यासकांस परिचित आहे तो बहुधा त्यांतील जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळें. इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथांत राजाच्या करमणुकींपैकीं एक म्हणून ‘मत्स्यविनोद’ वर्णिला आहे. त्याकडे मात्र साहित्यिकांचें लक्ष क्वचितच जातें. मासे कोणते, त्यांना काय रुचतें, दोर कसा असावा, गळाला काय लावावें, याचा तेथें पद्धतशीर विचार आहे. वसईच्या तळ्याकाठीं कणकेची गोळी लावून गळ टाकणारा मनुष्य नकळत त्याच परंपरेंतला होय. तिचें तत्त्व एकच: खरें खाद्य द्यावें आणि त्यांत गळ लपवावा.

इंग्लंडांत ट्राउट माशाच्या शिकारीनें निराळा मार्ग काढला. तेथें गळावर खाद्य नसतें; खाद्याची प्रतिमा असते. तलावांच्या स्थिर पाण्यांत हा मासा ज्या बारीक चिलटांवर पोसतो, तीं तळच्या चिखलांत अळीरूपानें वाढतात, कोशरूपानें हळूहळू वर येतात, पृष्ठभागाशीं थोडा वेळ लोंबकळतात आणि कवच फोडून उडून जातात. वर येणारा हा कोश माशाला आयताच सांपडतो. त्याची प्रतिमा करणारा कारागीर गळाच्या दांडीवर काळ्या रेशमाचे वेढे देत वाकणापर्यंत जातो. त्यांवर बारीक तार अंतराअंतरानें गुंडाळून अंगाचीं वलयें दाखवितो. डोक्यापाशीं मोरपिसाच्या तंतूचा लहानसा उंचवटा करतो, श्वसनतंतूंसाठीं पांढऱ्या धाग्याचा झुबका ठेवतो आणि गांठ मारतो. पाय नाहींत, डोळे नाहींत.

टीकाकारानें थांबावें असें स्थळ हेंच. येथें अनुकरण आहे तें कीटकाचें नव्हे, माशाला येणाऱ्या कीटकाच्या प्रत्ययाचें. आकार, वलयें आणि पाण्यांतील मंद गति एवढें साधलें कीं पुरे. गति चुकली तर पाय आणि डोळे चिकटवूनहि उपयोग नाहीं. खोलींतील प्रत्येक खुर्ची मोजून दाखविणें म्हणजे वास्तवता, असें मानणाऱ्या आपल्या कथाकारांनीं हा धडा अवश्य घ्यावा.

परंतु धडा येथेंच संपतो. या वस्तूला कौशल्य म्हणावें. कला म्हणवत नाहीं. नाट्यरसाची उपपत्ति सांगतांना श्रीशंकुकानें चित्रांतील घोड्याचा दाखला दिला. तो पाहून ‘हा घोडा’ अशी जी प्रतीति होते ती सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, केवळ सादृश्यहि नव्हे. त्याच्या अनुकरणवादाचें भट्टतौतानें खंडन केलें. तरी प्रेक्षकाच्या प्रतीतीचें हें वेगळेपण हेरल्याचें श्रेय शंकुकाला दिलेंच पाहिजे. माशाला होतें तें निव्वळ मिथ्याज्ञान, आणि त्याचें मोल तो प्राणांनीं देतो. रसिक जाणून भुलतो. मासा न जाणतां.

म्हणून जी कथा वाचकाचें भान हिरावून त्याचे अश्रु वसूल करते, तिची सफाई कितीहि वाखाणावी, ती गळाच्याच जातीची. वाचकाला खुशाल भुलवावें. परंतु आपण भुललों आहोंत हें ओळखण्याची आणि वाटेल तेव्हां मागें फिरण्याची मोकळीक त्याच्यापाशीं राहूं द्यावी. रेशमाच्या चार वेढ्यांत चिलट उभें करणाऱ्या कारागिराला ही मोकळीक देतां येत नाहीं; लेखकाला ती देतां येते.