भूतकाळाची निवड

फ्रेंच कादंबऱ्या आपल्यापैकी बहुतेकजण इंग्रजीच्या द्वारे वाचतात. बदलीच्या गावी ग्रंथालयात जे हाती लागते ते इंग्रजीच असते, आणि त्यामुळे फारसे बिघडत नाही अशी आमचीही समजूत होती. आल्बेर काम्यूची 'लेत्रांजे' (१९४२) मूळ भाषेत वाचावयास घेतली आणि ती समजूत पहिल्याच पानावर ढळली.

घडून गेलेली गोष्ट सांगण्यास फ्रेंचमध्ये दोन रूपे आहेत. 'पासे सँप्ल' हे एकेरी रूप इतिहासकाराचे व कादंबरीकाराचे; बोलण्यात ते आता कोणी वापरीत नाही. 'पासे काँपोझे' हे जोडरूप बोलण्याचे. त्यात धातुसाधिताच्या आधी 'जवळ असणे' किंवा 'असणे' या अर्थाचे साहाय्यक क्रियापद वर्तमानकाळात येते. जाणे, येणे, मरणे अशा काही क्रियापदांना 'असणे' लागते, व मग धातुसाधित कर्त्याचे लिंगवचन घेते. 'जवळ असणे' लागले आणि कर्म आधी आले, तर कर्माचे. ('ती गेली', 'मी पत्रे लिहिली' असे म्हणणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटू नये.) सवय व पार्श्वभूमी सांगणारा 'एंपार्फे' निराळा, त्याचे काम आपल्याकडे 'जाई', 'करी' ही रूपे पुष्कळसे करतात.

फ्रेंच कादंबरी पासे सँप्लमध्ये लिहावयाची हा संकेत होता. त्या काळामागे एक व्यवस्थित, कार्यकारणांनी बांधलेले जग गृहीत असते, असे रोलाँ बार्त यांनी १९५३ मध्ये दाखविले. काम्यूने आपल्या मर्सोला जवळजवळ सर्वस्वी पासे काँपोझेत बोलते केले. आईचा मृत्यू, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीचे पोहणे, समुद्रकाठचा खून, सारे एकाच स्वरात येते. एक घटना दुसरीस जन्म देत नाही. सार्त्र यांनी १९४३ च्या लेखात येथील प्रत्येक वाक्यास बेट म्हटले ते यथार्थ आहे. मात्र आमच्या मते या बेटांचे खरे प्रयोजन उत्तरार्धात कळते. न्यायालयात सरकारी वकील तीच बेटे जोडून कथानक रचतो : हा आईच्या प्रेतापाशी रडला नाही, सबब हा खुनी. मर्सोला देहदंड मिळतो तो त्या कथानकामुळे. हा केवळ लकबीचा भाग नव्हे; 'ला पेस्त' (१९४७) लिहिताना त्याच काम्यूने मुख्यतः पासे सँप्लच वापरला, कारण तेथे निवेदक बखरकार आहे.

स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या १९४६ च्या इंग्रजी भाषांतरात हा भेद उरत नाही. इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही कामे करतो. दोष भाषांतरकाराचा नव्हे.

मराठीत काय करावे? सर्वत्र 'गेला आहे', 'केले आहे' लिहिल्यास मर्सोचा पंचनामा होईल. आपल्या वाचकांनी तसली टिपणे कचेरीत पुरेशी वाचली आहेत. 'गेला' हे रूप तर घरात व ग्रंथात सारखेच. तथापि आपल्याकडे एक भेद आहे, तो काळाचा नसून स्वराचा : 'पत्र आले' हे ग्रंथाचे, 'पत्र आलं' हे तोंडचे. निवेदन 'आले', 'केले' असे लिहून फक्त संवादात 'आलं', 'केलं' लिहिण्याचा जो शिरस्ता, तो या एका पुस्तकापुरता मोडावा आणि अथपासून इतिपर्यंत 'केलं'च लिहावे. 'आई वारली' या वाक्यास मात्र ही युक्तीही लागू पडत नाही. ते दोन्हीकडे एकच आहे.