आडोसा आणि कानउघाडणी

इंग्रजी उपासनागीतांच्या जुन्या संग्रहांत ‘इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स’ या गीताखाली एक नाव छापलेले असते: एलन लक्ष्मी गोऱ्हे. आजूबाजूला सगळी साहेबी नावे आणि मध्येच हे गोऱ्हे. मराठी वाचक थबकतोच. बाई काशीच्या. जन्म ११ सप्टेंबर १८५३. चित्पावन घराणे. आणि गीताचा विषय, संकटात देवाच्या सान्निध्यात मिळणारा विसावा. या विषयावर इंग्रजीत गीतांचा सुकाळ आहे. त्यातली बरीचशी एकदा गाऊन विसरावीत अशीच असतात. हे गीत मात्र नीट वाचावे असे आहे, आणि काशीत बसून वाचले तर त्यातल्या काही जागा जास्त उघडतात.

काशीत मराठी माणूस बसणार कुठे? दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट लागतो. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो दगडात बांधून काढला, तेव्हापासून त्यांचेच नाव रूढ झाले. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला, आणि ही बाई मात्र परमुलखातल्या यात्रेकरूंसाठी पायऱ्या, धर्मशाळा, देवळे बांधत राहिली. एलनबाईंच्या गीताशी याचा काही संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. एवढेच म्हणतो की एकोणिसाव्या शतकातली मराठी काशी, म्हणजे तिथले शास्त्री, वैदिक, पेशव्यांच्या पडत्या काळात आलेली कुटुंबे, याच घाटांच्या आधाराने वसली होती, आणि गोऱ्हे त्यांतलेच.

आधी वडिलांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती बाजूला ठेवून हे गीत वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावचा. वाढले काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताने संस्कृतात ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला, तेव्हा ऐन विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून हिंदू बाजूने त्याला उत्तर दिले. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ बनारसला प्रवचने करत, त्यांच्याकडेही हे शास्त्रीबुवा गेले ते खोडून काढायला. झाले उलटेच. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नाव घेतले नहेम्या. पुढे त्यांनी षड्दर्शनांवर हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ लिहिला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये तो इंग्रजीत आणला. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरूची पूर्ण दीक्षा मिळाली. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत ते वारले. पण बाप्तिस्म्याने त्यांचे मन निवांत झाले असे कोणी समजू नये. शंकांनी त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. प्रमाण काय, पुरावा काय, हा शास्त्र्याचा प्रश्न ते स्वतःलाच विचारत राहिले. मॅक्स म्यूलर त्यांना इंग्लंडात भेटले होते. त्यांच्या आठवणींतही हा अस्वस्थ माणूस आहे.

मुलगी तान्ही असतानाच आई गेली. काही महिन्यांनी, १८५४ मध्ये, वडील महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला निघाले. एका निळीच्या मळेवाल्या जोडप्याने पोरीला पदरात घेतले आणि तिला नेली म्हणू लागले. १८५७ च्या धामधुमीत त्या जोडप्याची मालमत्ता बुडाली. मग स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबाने तिला आपल्या मुलांत वाढवले, इंग्लंडला नेले, शिकवले. १८८० मध्ये ती हिंदुस्थानात परतली आणि अमृतसरला जनाना मिशनच्या कामाला लागली. म्हणजे वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधी या मुलीचे घर दोनदा मोडले होते. आता गीतात काय आहे ते पाहा: लपायची जागा. आडोसा. कोणीतरी शेजारी बसले आहे. आईचा उल्लेख नाही, बंडाचा नाही, वडिलांचा नाही, बनारसचा तर नाहीच. चरित्राचा एक कणही तिने कवितेत सांडू दिलेला नाही. आजच्या आत्मकथनाच्या दिवसांत हा संयम कोरडा वाटेल. मला तो गीताचा कणा वाटतो.

छंदाबद्दल थोडे बोलू. ओळ लांब, पंधरा अक्षरांची, मध्ये आठव्या अक्षरावर विसावा, मग उरलेली सात. आघात पहिल्या अक्षरावर, म्हणजे ओळ पाय आपटतच सुरू होते. अशा छंदात इंग्रजीत कवायतीची गाणी पुष्कळ आहेत. इथे मात्र ओळीच्या लांबीमुळे चाल मंदावते, आणि जॉर्ज स्टेबिन्स यांनी लावलेली चालही संथ आहे. मूडी-सँकी या अमेरिकी धर्मप्रचारकांच्या मेळाव्यांच्या परिघात हे गीत पसरले ते त्याच चालीवर.

पहिले कडवे प्रसिद्ध आहे आणि मला सर्वांत कमी आवडते. देवाच्या सान्निध्याच्या आत, झाकलेल्या जागी, जीव लपून बसतो आणि तिथे त्याला सुख होते, ही कल्पना एकतिसाव्या स्तोत्रातली. ती सुंदर आहे. पण लगेच कवयित्री सांगते की जगाच्या चिंता मला छळूच शकत नाहीत, परीक्षांनी मी खचतच नाही, सैतान आला की मी आपली तिथे जाऊन बसते. ठीक आहे, पण विश्वास बसत नाही. दुःखाचे इतके झटपट पारिपत्य झाले की वाचकाला वाटते, हिला अजून काही झालेच नसावे. आणि झाले तर सगळे होते! पिढीजात उपदेशी भाषेचा हा दोष आहे. कवयित्री तिथे स्वतःच्या नव्हे, मंडळीच्या आवाजात बोलते.

दुसऱ्या कडव्यापासून आवाज बदलतो. जीव थकलेला, तहानलेला आहे. पंखाखालची सावली आहे, तिथे गारवा आहे, आणि स्वच्छ पाण्याचा झरा. या प्रतिमाही स्तोत्रसंहितेतल्याच, पण निवड पाहा. व्हिक्टोरियन इंग्रजी गीतांत देवाकडे मागतात तो उजेड, धुक्यात दिसणारा दिवा, वादळात बंदर. ही मुलगी वाढली इंग्लंडात आणि मागते सावली नि थंड पाणी. स्तोत्रे रचली गेली तो मुलूख उन्हाचा होता, आणि काशीही उन्हाची. मे महिन्याच्या दुपारी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाऊल ठेवून बघावे. घाटिया म्हणजे घाटावरच्या पुरोहितांच्या वेताच्या छत्रीखालचा हातभर तुकडा काय मोलाचा असतो ते समजते, आणि मग पंखाची सावली ही अलंकाराची वस्तू राहत नाही. पुढ्यात गंगा असूनही गीतातले पाणी गंगेचे का नाही, असे कोणी विचारील. तिने नदी घेतली नाही, झरा घेतला. नदी सगळ्यांची असते. तिला हवी होती ती एकांतातली जागा.

याच कडव्याच्या शेवटी गीतातली सर्वांत धीट जागा येते. तारणारा शेजारी येऊन विसावतो, दोघांचे बोलणे होते, आणि कवयित्री सांगते की तो काय बोलतो ते मला प्रयत्न करूनही सांगता येणार नाही. सांत्वनगीत लिहिणाऱ्याने नेमके सांत्वनच गाळायचे! देवाच्या तोंडी दोन गोड वाक्ये घालण्याचा मोह किती जणांना आवरला आहे? पौलालाही उच्चारता न येणारी वचने ऐकू आल्याचे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आहे, आणि कबीराच्या या गावात मुक्याने खाल्लेल्या गुळाचा दृष्टांत पोरासोरांनाही ठाऊक असतो. एलनबाई दोन्ही परंपरांच्या मधोमध उभ्या आहेत. कदाचित त्यांना त्याचे भानही नसेल.

तिसरे कडवे या मौनातूनच निघते. तो काय म्हणतो ते सांगता येत नाही. मी त्याला काय सांगते एवढे मात्र ठाऊक आहे. शंका, दुःखे, भीती, सगळे. तो निमूटपणे, न कंटाळता ऐकतो. या यादीत शंका पहिल्या आहेत. पहिल्या कडव्यात चिंता फिरकतच नव्हत्या, इथे त्या एक एक करून बाहेर येतात, म्हणजे त्या होत्याच. आणि शंका हा तर वडिलांचा वारसा. नीळकंठशास्त्री शंका प्रमाणांच्या तराजूत घालत राहिले, मुलगी ती ऐकून घेणाऱ्याला सांगून टाकते. तिची शंका फिटली असे गीत म्हणत नाही. ऐकली गेली, एवढेच म्हणते. वडिलांना उद्देशून तिने हे लिहिले असा माझा दावा नाही, पण वाचताना ते समोर येतात खरे.

आणि मग, अगदी त्याच कडव्यात, स्वर पालटतो. कवयित्री वाचकाकडे वळून जवळजवळ दरडावून विचारते: तो मला कधी रागावतच नाही असे वाटते की काय तुम्हाला? माझी पापे दिसत असून गप्प बसला, तर तो मित्र खोटा! पुढच्या कडव्यात ती याहून पुढे जाते. तो स्पष्ट बोलतो म्हणूनच माझे त्याच्यावर प्रेम आहे, तो जखम करतो तीही खोल, आणि म्हणूनच माझा भरवसा वाढतो. मित्राने केलेल्या जखमा विश्वासाच्या असतात, हा विचार नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायातला. पण दिलाशाच्या गीतात तो आणून बसवणे हे एलनबाईंचे काम. आडोशाला जायचे आणि तिथे कानउघाडणी ऐकून घ्यायची! दुःखी माणसाला गोंजारणाऱ्या गीतांपासून हे गीत इथे वेगळे निघते. दुःखात आपल्याला सगळे जपूनच बोलू लागतात, खरे बोलणारे कोणी उरत नाही, आणि एकटेपणा तिथूनच वाढतो. कवयित्रीला हे नेमके माहीत आहे. जो अजूनही आपल्यावर रागावतो, त्याने आपल्याला टाकलेले नसते. लहानपणी हातोहाती फिरलेल्या मुलीला याची किंमत इतरांपेक्षा जास्त कळणार.

मराठी कानाला इथे आणखी एक गंमत जाणवते. आपल्या संतांच्या घरी भांडतो तो भक्त. नामदेव रुसतो, जनाबाई विठोबाला खडे बोल सुनावते, तुकोबा देवाला जाब विचारतात, आणि देव बापडा ऐकून घेतो. एलनबाईंच्या गीतात ऐकूनही देव घेतो आणि सुनावतोही देवच. सलगी तीच, भांडणाची दिशा बदललेली. विठोबाशी भांडायला घर-अंगण, माहेर, हक्काची पंढरी लागते. माहेर नसलेल्या लेकीला रागावणारे माणूस मिळाले, यातच तिचे माहेर.

शेवट मात्र पुरता साधलेला नाही. कवयित्री वाचकाला बोलावते, तूही ये, सावलीत लप, आणि त्या भेटीच्या जागेहून निघताना धन्याची छबी चेहऱ्यावर राहील याची काळजी घे. पाठीमागे निर्गमातला मोशे आहे, डोंगरावरून उतरताना ज्याच्या मुखावर तेज होते. पण मूळ कथेतले मर्म असे की आपला चेहरा तेजाळला आहे हे मोशेला माहीतच नव्हते. ‘काळजी घे’ म्हटले की ते मर्म निसटते आणि मिशनच्या शिक्षिकेचा आवाज पुन्हा ऐकू येतो. इतक्या खोल जखमेबद्दल बोलून झाल्यावर हसऱ्या चेहऱ्याची शिस्त लावणे मला खटकते.

हे गीत ज्या संग्रहात आले त्याचे नाव ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’, साल १८८३. शीर्षक उसने आहे, रेजिनल्ड हेबर यांच्या १८१९ च्या प्रसिद्ध मिशनगीतातून घेतलेले. त्या गीतात हिंदुस्थान हा दूरचा, मदतीसाठी हाक मारणारा किनारा आहे. हेबर यांनी तेव्हा हा देश पाहिलाही नव्हता. कलकत्त्याचे बिशप होऊन ते आले आणि १८२४ मध्ये बनारसला आले, ते नंतरचे. साठेक वर्षांनी त्याच किनाऱ्यावरची एक मुलगी तेच शब्द शीर्षकाला घेते आणि इंग्रज मंडळीलाच धीर देते. यातला उपरोध तिच्या मनात असेल असे वाटत नाही, पण इतिहासाच्या मनात आहे. त्याच १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातल्या वाँटेजला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा कौल त्या बाजूला झुकवण्यात फादर गोऱ्ह्यांच्या पत्राचा वाटा होता, हे रमाबाईंनीच सांगून ठेवले आहे. बापाचा युक्तिवाद आणि मुलीचे गाणे एकाच वर्षी फळाला आले.

एलनबाई १८९२ पासून काही वर्षे अलाहाबादच्या बिशप जॉन्सन अनाथाश्रमाच्या प्रमुख होत्या, १८९७ मध्ये डीकनेस झाल्या, आणि १९३७ मध्ये कानपुरात वारल्या. त्यांच्या नावावर टिकले ते मुख्यतः हे एकच गीत. ते कुठे गायला मिळाले, तर वेळ वाचवण्यासाठी मधली कडवी गाळू नका. पहिले गाळले तरी चालेल.