खिडकीतला नेल्सन

जॉन अपडाइकची ‘रॅबिट’ मालिका मी क्रम सोडून वाचली. रद्दीच्या दुकानात आधी मिळाली ती तिसरी कादंबरी, ‘रॅबिट इज रिच’ (१९८१). तिच्यातला नेल्सन, म्हणजे बापाच्या टोयोटा विक्रीकेंद्राच्या आवारात गाड्या ठोकणारा, सतत कुरकुरणारा मुलगा, मला असह्य झाला. एका टिपणात मी लिहूनही टाकलं, की बाप वाढला, मुलगा खुजाच राहिला. ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे.

‘रॅबिट, रन’ (१९६०) फार उशिरा हाती आली. हॅरी अँगस्ट्रॉम ऊर्फ रॅबिट, एकेकाळचा शाळेतला बास्केटबॉलपटू, वय सव्वीस. बायको गरोदर. आपल्या आईकडे ठेवलेल्या नेल्सनला आणायला तो जातो. खिडकीतून बघतो, तर आत पोराला खुर्चीत बसवून भरवणं चाललंय. हॅरी दार वाजवत नाही. गाडी काढून रातोरात दक्षिणेकडे निघतो, रस्ता चुकतो, शहरात परततो. पण बायकोकडे नाही. पुढे दारूच्या नशेतल्या तिच्या हातून तान्ही मुलगी टबात बुडते. ‘रॅबिट रिडक्स’मध्ये (१९७१) घराला आग लागून आश्रयाला आलेली जिल जाते. तिच्यावर नेल्सनचा जीव असतो, आणि हॅरी त्या वेळी दुसऱ्याच बाईकडे असतो.

‘विकसनशील व्यक्तिरेखा’ म्हटलं की आपण माणूस सुधारण्याची वाट बघतो. हॅरी सुधारत नाही. ‘रॅबिट अ‍ॅट रेस्ट’मध्ये (१९९०) हृदयविकाराच्या उपचारानंतर तो सुनेशीच संबंध ठेवतो, आणि बोभाटा होताच पुन्हा दक्षिणेचा रस्ता धरतो. या खेपेस फ्लोरिडाला पोचतो, एवढंच. पण दर कादंबरीमागे सुमारे दहा वर्षं गेल्यामुळे खिडकीतलं पोर जाब विचारण्याइतकं मोठं झालेलं असतं. नायकाचा दोष तोच राहतो, तो सोसणारा मात्र वाढत जातो.

नेमाड्यांचा चांगदेवही बिढार हलवत राहतो. पण ती चार पुस्तकं १९७५ ते १९७९ एवढ्यातच आली, आणि चांगदेवमागे मूल नाही. त्याच्या निघून जाण्याची झळ मुख्यतः त्यालाच लागते. त्याला आपण इतक्या सहज माफ करतो ते यामुळेही असेल.

हॅरीच्या मृत्यूनंतरची गोष्ट अपडाइकने ‘रॅबिट रिमेंबर्ड’मध्ये (२०००) सांगितली. बापाला जिच्याबद्दल नुसता संशय होता, ती सावत्र बहीण दारात येते. नेल्सन तिला आपलं म्हणतो. मी खुजा म्हटलं होतं तो हा.