अस्सल कागद, खोटा मजकूर

हिरोआकी कुरोमिया यांचा ‘द व्हॉइसेस ऑफ द डेड’ हा ग्रंथ येल विद्यापीठानें २००७ सालीं प्रसिद्ध केला. इ. स. १९३७-३८ च्या स्टालिनी संहारांत युक्रेनमधील कीव्ह येथें गोळी घालून मारलेल्या सामान्य माणसांच्या तपासाच्या फायली हें त्याचें मुख्य साधन. गुप्त पोलिसांचें हें दप्तर सोव्हिएट राज्य असेतों संशोधकांस बंद होतें. दप्तर उघडलें म्हणजे सत्य हातीं आलें, अशी समजूत सहज होते. ती मोडण्यांत या ग्रंथाचें खरें मोल आहे.

हस्ताक्षर, सही, तारीख व दप्तराची परंपरा जुळली, कीं आपण कागदास अस्सल म्हणतों. कीव्हचे जबाब या कसोटीस उतरतात. परंतु त्यांतील हेरगिरीच्या कबुल्या छळानें वदविलेल्या किंवा अधिकाऱ्यांनींच रचलेल्या. मृत्युदाखल्यांची तीच गत. नातेवाइकांस प्रथम ‘पत्रव्यवहाराच्या हक्कावांचून दहा वर्षें कैद’ असें सांगत. पुढें १९५५ च्या गुप्त आज्ञेनुसार खोटी तारीख व खोटें कारण घातलेले दाखले दिले. शिक्का खरा, मृत्यूचा दिवस खोटा. उलट, शिक्षा अमलांत आणल्याची खात्याची अंतर्गत नोंद विश्वसनीय ठरते, कारण ती खात्याच्याच उपयोगासाठीं होती. कागद कोणाचा, याबरोबरच तो कोणासाठीं लिहिला, हेंही पाहिलें पाहिजे.

कुरोमिया आरोपीचे नकार, जबाबांतील विसंगति आणि स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या फेरतपासणीचे कागद परस्परांशीं ताडून पाहतात. ही रीत अनुकरणीय आहे. ग्रंथाच्या नांवाविषयीं मात्र आमचा मतभेद आहे. मृतांचा आवाज येथें तपासणाऱ्याच्या लेखणींतून येतो. आरोपीनें आरोप नाकारला, एवढें कागद सांगतो. त्याच्या मनांत राज्याविषयीं काय होतें, तें सांगत नाहीं. त्याविषयींचें विधान अनुमान म्हणूनच घ्यावें.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. सरकारी गणनेप्रमाणें त्या दोन वर्षांत सोव्हिएट राज्यांत ६,८१,६९२ माणसांस देहान्त शासन झालें. ९ एप्रिल २०१५ च्या कायद्यानें युक्रेननें दडपशाहीच्या खात्यांचीं दप्तरें सर्वांस खुलीं केलीं. आतां एखाद्या मृतास राष्ट्रवीर ठरविणारा व त्यासच हेर म्हणणारा, दोघेही एकाच कबुलीजबाबाकडे बोट दाखवूं शकतील. तसें करतांना दोघेही मारेकऱ्यांचाच शब्द प्रमाण मानतील. हा धोका ओळखण्यास प्रत्येक दप्तर-संशोधकानें हा ग्रंथ वाचावा.