पिकले पान आणि न लिहिलेली वही

सातपुड्यातील काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव राजवाडी होळीमुळे सर्वदूर ठाऊक आहे. पहाटे पेटणारी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे व घुंगरू यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आपण पाहतो. मात्र ज्या भिली बोलीत तेथील आज्या नातवंडांशी बोलतात, ती बोली छायाचित्रात उतरत नाही. अशा गावातील एखादी आजी पुष्कळ पाहून-सोसून निघून गेली, तर तिच्याबरोबर नेमके काय जाते? आजीवरील आपल्या शोकलेखनाचा विचार करताना हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

आपल्या नियतकालिकांतील असे लेख आठवून पाहावेत. आजी प्रेमळ होती, कष्टाळू होती, देवभोळी होती. पिकले पान होते, गळायचेच होते. लिहिणाऱ्याच्या दुःखाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु नाव बदलले तर तोच लेख दुसऱ्या कोणाही आजीला लागू पडतो. तिचे एकही वाक्य त्यात सापडत नाही.

याच्या उलट उदाहरण खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली असोदे येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावास आल्या, तिशीत विधवा झाल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या जे रचीत, ते त्यांचे पुत्र सोपानदेव व मावसबंधू पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून घेतले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. पुस्तक मृत्यूनंतर आले. वही मात्र आई हयात असताना भरत होती. वही नसती, तर सोपानदेवांजवळही आपल्यासारखी विशेषणेच उरली असती.

या संग्रहाचे स्वागत बव्हंशी आश्चर्याने झाले: शिकलेली नव्हती, तरीही एवढे काव्य! हा 'तरीही' आम्हांस खटकतो. आपल्या आज्यांविषयी आपणही तो सहज वापरतो. त्यात गौरव आहे, तसे अंतरही आहे. वैधव्यावरील कवितेत बहिणाबाई भोवतीच्या बायाबापड्यांचे सांत्वन बाजूला सारतात आणि उरलेल्या आयुष्याचा भार स्वतः उचलतात. दुसऱ्या एका कवितेत ज्योतिषाला दारातूनच परत पाठवितात. हा निर्धार त्यांनी शेत, जाते आणि लहान मुले सांभाळताना कमावला. त्याचे कौतुक करण्यापेक्षा तो वाचणे अधिक आदराचे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी आपली 'स्मृतिचित्रे' स्वतः सांगितली. बहुतेक आज्यांना ते साधत नाही. त्यांना दुसऱ्याचा हात लागतो. त्या हाताच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. गाणे कागदावर येताना चाल मागे राहते, लिहिणारा कळत-नकळत निवड करतो, आणि जे त्याच्या कानी पडले नाही ते कायमचे जाते. बहिणाबाईंचेही सर्व काही हाती आले असे मानण्यास आधार नाही. तरीसुद्धा अपुरी वही ही कोऱ्या वहीपेक्षा मोठी मिळकत होय.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. नंदुरबार जिल्हा, आणि त्यामुळे काठीही, त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. या नावाचा अर्थ तेथे शिकणाऱ्या नातवंडांनी घ्यावा, असे आम्हांस वाटते. घरची बोली आणि शाळेची मराठी दोन्ही त्यांना येतात. आजीचा शब्द तिच्याच बोलीत देवनागरीत लिहावा, मराठी अर्थ शेजारी द्यावा. अर्थ कळावा म्हणून मूळ शब्द मात्र पुसू नये.

आणि हे काम केवळ काठीकरांचे नव्हे. आजीवर लेख लिहिण्यासाठी आपण तिच्या मृत्यूची वाट पाहतो, ही आपल्या शोकलेखनाची मूळ चूक आहे. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी आज तिच्याजवळ बसावे, काही विचारावे आणि ती जसे सांगेल तसे लिहून घ्यावे. पिकले पान गळणार, हे खरे. पण ते कोणत्या झाडाचे होते, एवढे तरी नातवाला सांगता यावे.