विकसक परिषदेतील घोषणांची चिकित्सा : मायक्रोसॉफ्टच्या पीडीसी २००३ च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सॉफ्टवेअर विकसकांची एखादी मोठी परिषद जवळ आली की संगणकशास्त्र विभागात ‘यंदा नवीन काय येणार?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. आज्ञावली लिहिण्याची भाषा, तिच्यासोबत मिळणारे तयार घटक, लेखनाची साधने आणि ती आज्ञावली ज्यावर चालते तो पाया, या सर्वांच्या संचाला डेव्हलपर प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याची नवी आवृत्ती जाहीर झाली की अभ्यासक्रमात काय ठेवावे, प्रयोगशाळेत काय बसवावे आणि विद्यार्थ्याने कशावर वर्ष खर्च करावे, हे निर्णय त्या घोषणेशी बांधले जातात. असे असूनही या घोषणेकडे आपण बहुधा बातमी म्हणूनच पाहतो. ग्रंथाचे परीक्षण होते, नाट्यप्रयोगाचे होते. तसे परिषदेतील बीजभाषणाचेही व्हावयास हवे, कारण तीही हेतुपूर्वक रचलेली संहिताच असते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या २००३ मधील ‘प्रोफेशनल डेव्हलपर्स कॉन्फरन्स’ म्हणजेच पीडीसीच्या आधारे अशा संहितेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिषदेची पार्श्वभूमी

पीडीसी १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. ती ठरावीक वार्षिक उत्सव नव्हती. विकसकांना सांगण्याजोगे काही मोठे असेल तेव्हा ती भरे. जुलै २००० मध्ये ऑरलँडो येथे भरलेल्या परिषदेत डॉट नेट हा प्लॅटफॉर्म आणि सी शार्प ही नवी भाषा विकसकांपुढे मांडण्यात आली. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट प्रकाशित झाले आणि त्या वचनाची पूर्तता झाली. दरम्यान डिसेंबर २००१ मध्ये एक्मा या मानकसंस्थेने सी शार्प भाषेचे मानक स्वीकारले होते. वचन, लिखित मानक आणि प्रत्यक्ष वस्तू या तिन्ही गोष्टी तेथे एकमेकींना धरून होत्या. पुढील परिषदेकडे विकसकांनी विश्वासाने पाहिले, त्यामागे ही पुण्याई होती.

२००३ ची घोषणा आणि तिची भाषा

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या परिषदेत ‘लाँगहॉर्न’ या संकेतनामाने ओळखली जाणारी विंडोजची आगामी आवृत्ती सादर झाली. तिचे तीन स्तंभ सांगण्यात आले. पडद्यावरील मांडणीसाठी ‘ॲव्हलॉन’, निरनिराळ्या आज्ञावलींमधील संवादासाठी ‘इंडिगो’ आणि माहितीच्या साठवणीसाठी ‘विनएफएस’. यांतील तिसरा स्तंभ सर्वांत महत्त्वाकांक्षी होता. फायली केवळ फोल्डरमध्ये न ठेवता व्यक्ती, पत्रे, छायाचित्रे, भेटी यांच्या परस्परसंबंधांसह डेटाबेसच्या पद्धतीने साठवाव्यात, ही त्यामागील कल्पना होती.

या सादरीकरणाचे दोन विशेष समीक्षकाने नोंदवावेत असे आहेत. पहिला विशेष प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिक ही मूलतः नाट्यकला आहे. एखादी गोष्ट एकदा, निवडलेल्या यंत्रावर, निवडलेल्या क्रमाने घडू शकते एवढेच ते सिद्ध करते. प्रकाशित वस्तूला मात्र ती गोष्ट सर्व यंत्रांवर, सर्व काळ घडवून दाखवावी लागते. उपस्थितांना लाँगहॉर्नची प्राथमिक प्रतही देण्यात आली होती. हाती आलेल्या प्रतीमुळे जे व्हावयाचे आहे ते झालेच आहे असा भास बळावतो. दुसरा विशेष नामकरणाचा. ॲव्हलॉन हे ब्रिटनमधील आर्थरकथांतील अद्भुत बेट होय, आणि इंडिगो म्हणजे नीळ. अशा नावांतून कार्याचा बोध होत नाही. अपेक्षा मात्र जागृत होते. पुढे प्रकाशनाच्या वेळी याच घटकांना ‘विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन’ आणि ‘विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशन’ अशी रुक्ष नावे मिळाली. वचनाला काव्य आणि वस्तूला गद्य, अशी ही विभागणी अर्थपूर्ण आहे.

घोषणेची परिणती

ऑगस्ट २००४ मध्ये विनएफएस लाँगहॉर्नसोबत येणार नाही असे जाहीर झाले. लाँगहॉर्नचे काम विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने उभारावे लागले. जून २००६ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणून विनएफएसचा विचारही सोडण्यात आला. ॲव्हलॉन व इंडिगो नोव्हेंबर २००६ मध्ये डॉट नेट ३.० च्या रूपाने आले, आणि विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांना जानेवारी २००७ मध्ये मिळाली. म्हणजे तीन स्तंभांपैकी दोन तीन वर्षांनी उभे राहिले, एक कधीच उभा राहिला नाही.

उभ्या राहिलेल्या स्तंभांचे भवितव्यही सारखे नाही. मांडणीचा घटक २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.० मध्ये समाविष्ट झाला. संवादाच्या घटकाची सर्व्हरकडील बाजू मात्र नव्या डॉट नेटमध्ये घेतली गेली नाही. ती उणीव भरून काढणाऱ्या ‘कोअर डब्ल्यूसीएफ’ या मुक्तस्रोत प्रकल्पाची १.० ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. एकाच व्यासपीठावरून एकाच स्वरात सांगितलेल्या तीन गोष्टींची ही तीन निरनिराळी आयुष्ये पाहिली, म्हणजे घोषणेचा एकसुरी आत्मविश्वास किती फसवा असतो हे ध्यानी येते.

येथे एक आक्षेप संभवतो. कंपनीने आपले विचार विकसकांपुढे लवकर मांडले नाहीत तर त्यांच्या सूचना तिला कशा मिळणार? आक्षेप रास्त आहे. कठीण प्रयोग फसणे हा दोष नव्हे. विनएफएसची कल्पना आजही विचारार्ह आहे. दोष आहे तो ‘झाले आहे’, ‘होत आहे’ आणि ‘व्हावे असे वाटते’ या तीन क्रियापदांतील भेद पुसला जाण्यात. संशोधनलेखात आपण निष्कर्ष आणि अभ्युपगम यांची गल्लत खपवून घेत नाही. बीजभाषणाला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

नव्याचे नऊ दिवस सरल्यावर उरलेल्या दिवसांचा हिशेब बहुतेक वेळा शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला द्यावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत एके काळी व्हिज्युअल बेसिक ६ शिकविले जात असे. १९९८ च्या या आवृत्तीत लिहिलेल्या आज्ञावली २००२ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये जशाच्या तशा चालत नव्हत्या. २००५ मध्ये अनेक अनुभवी विकसकांनी जुन्या भाषेचा विकास चालू ठेवावा अशी जाहीर मागणी केली. ती मान्य झाली नाही. एप्रिल २००८ मध्ये त्या लेखनसाधनाला मिळणारे साहाय्यही संपले. अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद यांच्या टप्प्यांतून मंजूर होणारा अभ्यासक्रम या वेगाने बदलू शकत नाही, आणि बदलूही नये. भाषेचे बटण कोठे आहे हे शिकलेला विद्यार्थी त्या बदलात अडखळला; घटना, चल, अटी आणि डेटाबेसची रचना समजून घेतलेला विद्यार्थी तरून गेला.

२०११ पासून पीडीसीची जागा ‘बिल्ड’ या परिषदेने घेतली. मुक्तस्रोत झालेल्या डॉट नेटची नवी आवृत्ती २०२० पासून दर नोव्हेंबरला येते, आणि सम क्रमांकाच्या आवृत्तीला तीन वर्षे साहाय्य मिळते. अखेरची तारीख आरंभीच सांगितली जाते, ही निश्चितच प्रगती आहे. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डॉट नेट ८ ची मुदत नोव्हेंबर २०२६ ची आहे. तीन वर्षांची पदवी आणि आवृत्तीचे आयुष्य येथे जवळजवळ समान ठरते. प्रथम वर्षात जे साधन हाती दिले, ते पदवीच्या सुमारास निवृत्तीला आलेले असते.

निष्कर्ष

यास्तव आगामी परिषदेतील प्रत्येक घोषणा ऐकताना अध्यापकाने तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेली वस्तू आज वापरता येते की केवळ दाखविता येते? तिचे मानक किंवा तिची संहिता कंपनीबाहेरच्या कोणालाही वाचता येते काय? तिच्यामुळे ज्या जुन्या वस्तूचा शेवट होणार आहे, तिच्या वापरकर्त्यांसाठी कोणती वाट ठेवली आहे? २००० ची घोषणा यांतील पहिल्या दोन प्रश्नांना पुढील दोन वर्षांत उत्तर देऊ शकली, तिसऱ्याला नाही. २००३ च्या घोषणेतील सर्वांत मोठे वचन पहिल्याच प्रश्नाला अडले. ‘नवीन काय येणार?’ हा प्रश्न विक्रेत्याला सोयीचा आहे. अध्यापकाचा प्रश्न ‘काय टिकणार?’ हा असावयास हवा, कारण विद्यार्थ्याची तीन वर्षे परत घेऊन दुसरी आवृत्ती देण्याची सोय कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.