पुनःकथनाची पाठपद्धति व तिचें प्राचीनत्व

वाचलेला पाठ विद्यार्थ्यानें आपल्या शब्दांत परत सांगावयाचा, ही पद्धति मूळची ग्रीक-रोमन असून शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनीं तिचा केवळ जीर्णोद्धार केला, असें पुष्कळदां लिहिलें जातें. हें विधान अर्धेंच खरें आहे.

क्विंटिलियन या रोमन अध्यापकानें इ. स. ९५ चे सुमारास लिहिलेल्या ‘इन्स्टिट्यूशिओ ओराटोरिआ’ या ग्रंथांत, पहिल्या भागाच्या ९ व्या प्रकरणांत, याचा क्रम दिला आहे. दाईच्या गोष्टींमागून मुलानें इसापच्या कथा साध्या भाषेंत सांगाव्या, मग तशाच साधेपणानें लिहाव्या. पद्य असल्यास प्रथम त्याची रचना मोडावी, नंतर शब्द पालटावे. शेवटीं कवीचा अर्थ राखून संक्षेप वा अलंकरण करण्याची मोकळीक घ्यावी. हें निष्णात अध्यापकांसहि अवघड आहे, असें तो बजावतो. चौथ्या शतकांतील अफ्थोनियसच्या १४ अभ्यासांत नीतिकथा पहिली व कथन दुसरें. कथनांत व्यक्ति, कृत्य, काल, स्थळ, रीति व कारण हीं सहा अंगें पाहावयाचीं. या सर्वांचा रोंख पुढील वक्तृत्वाकडे, म्हणजे न्यायसभेंत प्रसंग पटेल असा मांडण्याकडे आहे.

मेसनबाईंच्या ‘होम एज्युकेशन’ (१८८६) मध्यें क्रिया तीच, पण प्रयोजन निराळें. पाठ एकदांच वाचावयाचा, मूल सांगत असतां शिक्षकानें मध्यें बोलावयाचें नाहीं, हेतु अवधानाचा. शब्द मुद्दाम पालटण्याचा अभ्यास येथें नाहीं. क्विंटिलियनच्या मतें तर तोच मुख्य. प्रयोजनभेद न पाहतां परंपरा एक ठरविणें शास्त्रीय नव्हे.

या ओघांत पंचतंत्राचें नांव घेण्याचा मोह आपल्याकडे होतो. परंतु कथामुखांत विष्णुशर्मा सांगतो व राजपुत्र शिकतात. त्यांनीं कथा परत सांगितल्याचा उल्लेख तेथें नाहीं. वेदपाठाचें उदाहरण तर उलटेंच आहे. पदपाठ व क्रमपाठ यांची योजना एक स्वरहि ढळूं नये म्हणून आहे, आणि त्या कामीं ती अजोड आहे. मात्र पाठांतराची हीच कसोटी पुनःकथनास लावून, पुस्तकांतील वाक्य जसेंच्या तसें म्हणणाऱ्या मुलास पूर्ण गुण व शब्द बदलणाऱ्यास उणे गुण देणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले. क्विंटिलियनच्या वर्गांत दुसरा मुलगा पुढें गेला असता.